सिंधूचे दुःख कोणी ऐकले? व्यसनी माणसाच्या घरच्यांचा इतिहास

१/ सन १९३५चा सुमार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील क्लिंटन स्ट्रीटवरचे एक घर. नवरा सभेला निघण्याच्या घाईत आहे आणि बायकोलाही लवकर आटपायला सांगतो आहे. बायकोच्या हाती बूट येतो. अंगातले सारे बळ एकवटून ती तो नवऱ्याच्या दिशेने भिरकावते आणि त्याच्या त्या सभांच्या नावाने कडाकडा बोटे मोडते.

२/ नवलाची गोष्ट अशी की नवरा तेव्हा दारू पीत नव्हता. ती सभाच मुळी दारूपासून दूर राहण्यासाठी होती. सतरा वर्षांच्या संसारात जिने शपथा ऐकल्या, उलट्या पुसल्या आणि नोकरी करून घर चालवले, ती बाई नवरा शुद्धीवर आल्यावर संतापली. का? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला जगाला पुढची काही दशके लागली. आजचा धागा त्या उत्तराचा आहे.

३/ त्या बाईचे नाव लोइस विल्सन. नवरा बिल विल्सन, 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे एए या चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी एक. बिलची गोष्ट जगाला ठाऊक आहे. व्यसनाचा इतिहास बहुधा पिणाऱ्याच्या बाजूनेच सांगितला जातो. दाराशी कान लावून जिन्यातल्या पावलांवरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखणाऱ्यांच्या बाजूने तो फारसा सांगितला जात नाही.

४/ मराठी वाचकाला अशी एक बाई लोइसच्या आधीपासून परिचित आहे : राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू. १९१९च्या जानेवारीत गडकरी निवर्तले आणि त्याच वर्षी हे नाटक त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून पिढ्यानपिढ्या प्रेक्षक रडले. सुधाकराला प्यायला लावणारा तळीराम नाटकात आहे, त्याला सावरू पाहणारा रामलालही आहे. सिंधूच्या वाट्याला मात्र आदर येतो, तोही सोसण्याबद्दलचा.

५/ सिंधूने सोसावे, निष्ठा ढळू देऊ नये आणि त्या निष्ठेच्या बळावर नवऱ्याने सुधारावे, ही अपेक्षा एका नाटककाराची नव्हती. ती अवघ्या समाजाची होती. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला आजही आपल्या घरांत ऐकू येतो. आणि तो सुधारला नाही, तर 'हिलाच सांभाळता आले नाही' हा निकालही तयार असतो. एकाच्या आजाराची जबाबदारी अशी दुसरीच्या पदरात पडते.

६/ या दुःखाला वाट मिळण्याचे पहिले प्रयत्न एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झाले. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून 'वॉशिंग्टोनियन' चळवळ उभी राहिली. पाठोपाठ बायकांची 'मार्था वॉशिंग्टन' मंडळे निघाली. मद्यपींच्या कुटुंबांना कपडे, अन्न आणि आधार पुरवणे हे त्यांचे काम. चळवळ काही वर्षांतच ओसरली, पण पिणाऱ्यासोबत त्याच्या घराकडेही पाहावे लागते, एवढे तिने दाखवून दिले.

७/ पुढे या दुःखाने राजकीय रूप घेतले. १८७३च्या हिवाळ्यात ओहायो राज्यातील बायका गुत्त्यांच्या दारात जाऊन प्रार्थना करू लागल्या आणि १८७४ साली 'वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' स्थापन झाली. विवाहित स्त्रीला संपत्तीचे व मुलांच्या ताब्याचे हक्क अपुरे आणि मतदानाचा हक्क जवळपास नाहीच, अशा त्या काळात नवऱ्याने पगार गुत्त्यात उडवला तर तिला दाद मागायला जागा नव्हती. तेव्हा गुत्ता बंद करा, हीच तिची मागणी ठरली.

८/ या संघटनेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. संघटनेच्या धुरीण फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी तेथे त्यांचा निकटचा परिचय झाला. आपल्याकडेही पुढे गावोगावच्या बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लढे दिले. मतदान घेऊन 'बाटली आडवी' करण्याची महाराष्ट्रातील पद्धत ही त्याच संतापाची अलीकडची, कायद्याने मान्य केलेली वाट.

९/ दुकान बंद करण्याच्या लढ्याला मात्र एक मर्यादा होती. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी देशव्यापी दारूबंदी झाली. त्याच काळात वॉल स्ट्रीटवर समभागांचा अभ्यास करणारा बिल विल्सन रसातळाला गेला. बाटली मिळेनाशी झाली नाही. ती चोरवाटेने येत राहिली. आणि घरातल्या बाईने रोजचा दिवस कसा काढायचा, हे सांगणे कायद्याच्या आवाक्यातले नव्हतेच.

१०/ बिल आणि लोइस यांचे लग्न १९१८च्या जानेवारीत झाले. लोइस ब्रुकलिनमधील एका डॉक्टरची मुलगी. दारू सोडण्याच्या शपथा बिलने घरच्या बायबलच्या पानांवर लिहून दिल्या, एकदा नव्हे, अनेकदा. आपल्याकडे देवाच्या अंगाऱ्यावर हात ठेवून घेतलेल्या आणाभाका किंवा गळ्यात घातलेली माळ आठवावी. शपथ घेताना माणूस खोटा नसतो. ऐकणारीही प्रत्येक वेळी मनापासून विश्वास ठेवते, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी नव्याने मोडते.

११/ लोइसने मेसीज या मोठ्या दुकानात नोकरी धरली आणि त्या पगारावर घर चालले. सुट्टीत नवऱ्याला शहराबाहेर न्यायचे, बाटल्या शोधायच्या, सबबी सांगायच्या, त्याला निजवायचे, हे तिचे दुसरे, बिनपगारी काम. आपल्या प्रेमाने तो बरा होईल, अशी तिची श्रद्धा होती. दीड दशकात ती श्रद्धा हाच तिच्या जगण्याचा आधार बनला.

१२/ ११ डिसेंबर १९३४ रोजी बिल पुन्हा एकदा न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात दाखल झाला आणि त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही. त्याला वळण लावण्यात जुना मित्र एबी थॅचर याचा वाटा होता; हा आजार आहे, इच्छाशक्तीचा दोष नव्हे, असे सांगणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचाही होता. 'ऑक्सफर्ड ग्रुप' या धार्मिक मंडळाच्या सभांतून त्याला आधार मिळाला.

१३/ १९३५च्या मे महिन्यात कामानिमित्त अ‍ॅक्रन शहरी गेलेल्या बिलला पुन्हा पिण्याची ओढ अनावर झाली. त्याने हॉटेलातून फोन करून कोणीतरी दुसरा मद्यपी गाठून देण्याची विनंती केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. एक मद्यपीच दुसऱ्याला समजू शकतो, हे तत्त्व तिथे उमगले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. हा दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

१४/ आता बुटाकडे वळू. जे काम लोइसला दीड दशकात जमले नाही, ते एका मित्राने आणि काही अनोळखी माणसांनी महिन्याभरात केले. घर पुन्हा रात्री रिकामेच. आधी गुत्त्यामुळे, आता सभांमुळे. बिलला तिची गरज पूर्वीसारखी उरली नव्हती. बूट फेकल्यावर लोइस स्वतःच चकित झाली. नवऱ्याला बदलता बदलता आपले काय झाले, हे तिने प्रथमच तपासायला घेतले.

१५/ चळवळीलाही हे लगेच कळले असे नाही. १९३९च्या एप्रिलमध्ये एएचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मद्यपींच्या पत्नींसाठी एक प्रकरण आहे आणि ते पत्नींनीच लिहिले असावे अशा भाषेत आहे. ते लिहिण्याची लोइसची इच्छा होती. बिलने ग्रंथाची शैली एकसारखी राहावी या कारणास्तव ते स्वतः लिहिले. बायकांच्या मनातले सांगणारे पहिले प्रकरण असे एका नवऱ्याने लिहिले. लोइसच्या मनाला ते लागले, आणि तिने ते लपवले नाही.

१६/ त्याच वर्षी त्यांचे राहते घर गेले. पुढची सुमारे दोन वर्षे हे जोडपे मित्रांच्या घरी, मिळेल तिथे राहिले. १९४१ साली न्यूयॉर्कबाहेर बेडफर्ड हिल्स येथे त्यांना घर मिळाले. या काळात सभेच्या वेळी एक गोष्ट ठिकठिकाणी घडू लागली. पुरुष दिवाणखान्यात बोलत आणि त्यांना घेऊन आलेल्या बायका स्वयंपाकघरात कॉफी करता करता एकमेकींशी बोलत. कोणी न ठरवता तीच दुसरी सभा झाली.

१७/ १९५०च्या सुमारास बिल देशभरच्या गटांना भेटी देऊन आला, तेव्हा अशी कौटुंबिक मंडळे जागोजागी आपसूक उभी राहिल्याचे त्याने पाहिले. ती जोडण्याचे काम त्याने लोइसला सुचवले. १९५१ साली लोइस आणि अ‍ॅन नावाची तिची मैत्रीण यांनी ८७ पत्त्यांवर पत्रे धाडली. 'अल्कोहोलिक्स' आणि 'अ‍ॅनॉनिमस' या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून 'अल-अ‍ॅनॉन' हे नाव ठरले.

१८/ या मंडळांनी एएच्याच बारा पायऱ्या स्वीकारल्या. बदलला तो एकच शब्द. शेवटच्या पायरीत हा संदेश मद्यपींपर्यंत नेण्याचे वचन आहे. तिथे 'इतरांपर्यंत' असे झाले. पहिली पायरी मात्र जशीच्या तशी राहिली : दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली. पिणाऱ्याच्या तोंडी तिचा अर्थ एक होतो. न पिणाऱ्या बायकोच्या तोंडी तिचा अर्थ असा की त्याचे पिणे थांबवणे माझ्या हाती नाही, आणि ते माझ्यामुळे सुरूही झालेले नाही.

१९/ हे वाक्य उच्चारायला सोपे वाटते. पण ज्या बाईने वर्षानुवर्षे 'मी जास्त बोलले म्हणून तो प्याला, मी कमी बोलले म्हणून तो प्याला' असा हिशेब मांडला, तिच्यासाठी ती सुटका होती. तिची काळजी थांबत नाही. त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे थांबते. कचेरीत 'आज ताप आहे' असा निरोप देणे, उधारी फेडणे, शेजाऱ्यांना सबब सांगणे या गोष्टी परिणामांपासून त्याला वाचवतात आणि आजाराला आणखी जागा देतात.

२०/ याच सुमारास विद्वानांचे मत काय होते, तेही पाहावे. १९५३ साली कुटुंब-सेवा संस्थेतील अनुभवावरून थेल्मा व्हेलन यांनी मद्यपींच्या बायकांचे चार प्रकार सांगितले : सोशीक सुझन, हुकमत गाजवणारी कॅथरिन, डळमळीत विनिफ्रेड आणि शिक्षा देणारी पॉली. सूर असा की या बायकांनी स्वतःची कुठलीतरी मानसिक गरज भागवण्यासाठीच असा नवरा निवडला असावा. गावातला निकाल शास्त्राच्या भाषेत आला, एवढाच फरक.

२१/ पुढच्याच वर्षी, १९५४ साली, जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटू लागले. त्यांनी बायकांचे प्रकार पाडले नाहीत. सिअ‍ॅटल शहरात मद्यपींच्या पत्नींच्या मंडळात त्या दीर्घकाळ जाऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या. ऐकलेल्यातून त्यांना दिसले की ज्याला स्वभावदोष म्हटले जाते, ती संकटाला तोंड देण्याची क्रमवार धडपड आहे. तिचे सात टप्पे त्यांनी मांडले.

२२/ पहिला टप्पा नाकारण्याचा : पुरुष पितातच, त्यात काय. दुसरा लपवण्याचा आणि आटोक्यात आणण्याचा. पाहुणे टाळणे, बाटल्या ओतून देणे, घर जगापासून तोडणे. तिसऱ्यात घराची घडी विस्कटते. बाई आज रागावते, उद्या विनवते, परवा रडते, आणि आपल्यालाच वेड लागते आहे की काय अशी शंका तिला येते. बाहेरच्याने तिला या टप्प्यावर पाहिले, तर दोषी तीच वाटते.

२३/ चौथ्या टप्प्यात ती घर एकटीने चालवू लागते आणि नवरा जणू घरातले आणखी एक हट्टी मूल होऊन जातो. पाचव्यात वेगळे होण्याचा विचार किंवा कृती. सहाव्यात उरलेले कुटुंब त्याच्याविना उभे राहते. सातवा टप्पा तो दारूमुक्त होऊन परतला तरच येतो, आणि जॅक्सन यांनी दाखवून दिले की तोही सोपा नसतो. कारभार हाती घेतलेल्या बाईकडून तो कारभार परत मागितला जातो. मुले कोणाचे ऐकावे या पेचात पडतात.

२४/ बुटाचे कोडे इथे उलगडते. दारू सुटली की घर आपोआप पूर्ववत होते, हा समज चुकीचा आहे. दारूभोवती रचलेली घराची सारी व्यवस्था दारू गेल्यावर उघडी पडते आणि वर्षांचा कोंडलेला राग तेव्हा बाहेर येतो. आता तो बाहेर यायला सुरक्षित जागा मिळालेली असते. तो राग कृतघ्नपणा नव्हे. पिणाऱ्याला बरे होण्यासाठी जसा वेळ लागतो, तसाच घराला लागतो. दोन्ही बरे होणे समांतर चालते, पण ती दोन वेगळी कामे आहेत.

२५/ मुलांकडे लक्ष जायला आणखी उशीर झाला. १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका किशोरवयीन मुलाच्या पुढाकाराने मुलांसाठी 'अलाटीन' मंडळे सुरू झाली. १९६९ साली टोरंटोच्या मार्गारेट कॉर्क यांनी १० ते १६ वयोगटातील ११५ मुलांशी बोलून पुस्तक लिहिले आणि त्यांना 'विस्मृतीत गेलेली मुले' म्हटले. मुलांना पिण्यापेक्षा आईवडिलांच्या भांडणांचा आणि आपल्याकडे कोणाचेच लक्ष नसल्याचा त्रास अधिक होत होता.

२६/ घरच्यांनी उपचारासाठी काय करावे, याचे प्रयोगही झाले. १९७० च्या दशकात व्हर्नन जॉन्सन यांनी सर्वांनी मिळून व्यसनी माणसाला एकदम समोरासमोर आणण्याची पद्धत रूढ केली. पुढे रॉबर्ट मेयर्स आदींनी निराळी रीत बसवली : तो शुद्धीत असेल तेव्हाच्या वागण्याला दाद द्यायची, प्यायला असेल तेव्हा बाजूला व्हायचे, परिणाम त्याचे त्याला भोगू द्यायचे, आणि घरच्यांनी स्वतःचे जगणे पुन्हा उभे करायचे.

२७/ १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १३० कुटुंबीय होते. मेयर्स यांच्या पद्धतीने ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. जॉन्सन यांच्या पद्धतीने ३० टक्के. अल-अ‍ॅनॉनकडे वळवलेल्या गटात १३ टक्के. अल-अ‍ॅनॉनचा उद्देश पिणाऱ्याला उपचारास आणणे हा नाहीच, हे ध्यानात ठेवायला हवे. आणि याहून महत्त्वाचे असे की तिन्ही गटांतील कुटुंबीयांचे स्वतःचे मन मात्र सारख्याच प्रमाणात हलके झाले.

२८/ आता भारतात येऊ. इथे कुटुंबाला उपचारात आणण्याचा मान व्यसनमुक्ती केंद्रांच्याही आधी मनोरुग्णालयाला जातो. फाळणीनंतर अमृतसरच्या मनोरुग्णालयाची सूत्रे डॉ. विद्या सागर यांच्याकडे होती. रुग्ण फार, कर्मचारी तोकडे. १९५० च्या दशकात त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावले. आजार म्हणजे काय, हे ते या नातेवाइकांना एकत्र बसवून समजावत. ज्या काळी पाश्चात्त्य मानसोपचार कुटुंबाला अनेकदा आजाराचे कारण मानत होता, त्या काळी इथे कुटुंब सहकारी झाले.

२९/ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही घरच्या माणसाने रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजवली. यात नाइलाज होता, तशी एक जाणही होती. आपल्याकडे रुग्ण बरा होऊन परत जातो तो घरातच. घराला काही न सांगता त्याला परत पाठवले, तर जुन्या शंका, जुने टोमणे आणि जुनी भीती दारातच त्याची वाट पाहत असतात.

३०/ चेन्नईत या इतिहासाला एका विधवेने वळण दिले. शांती रंगनाथन यांचे पती मद्यपाशाने १९७९ साली वारले. वय फार नव्हते, घर नामांकित उद्योगसमूहाचे. दारूने घर मोडायला गरिबी लागत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. १९८० साली त्यांनी पतीच्या नावाने संस्था काढली आणि रुग्णाच्या कुटुंबीयांसाठीचा कार्यक्रम हा तिथे उपचाराचा भाग केला. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

३१/ महाराष्ट्रात १९८० च्या दशकात 'गर्द', म्हणजे ब्राउन शुगर, मध्यमवर्गीय घरांत शिरली. अनिल अवचट यांनी तिच्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याचा कणा होत्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट. त्यांनी रुग्णाला गुन्हेगार न मानता आपले माणूस मानले. बरे झालेले मित्रच पुढे तिथे समुपदेशक झाले.

३२/ मुक्तांगणाने पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला. नावाकडे लक्ष द्यावे. सती नव्हे, सोशीक नव्हे, सोबत चालणारी. जिथे बायको आजवर नवऱ्याची माहिती देण्यापुरती बोलावली जाई, तिथे ती स्वतःसाठी येऊन बसू लागली. तिच्याशेजारी बसलेल्या बाईची गोष्ट जवळपास तिचीच होती. १९९७ साली कर्करोगाने अनिताताई गेल्या. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेले.

३३/ गोव्यात आणखी एक पाऊल पडले. जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये घरच्यांसाठी पाच पायऱ्यांची पद्धत बसवली होती : आधी त्यांचे ऐकून घ्या, मग आजाराची माहिती द्या, ते सध्या कसे तोंड देतात ते पाहा, आधाराची माणसे शोधा, पुढची मदत ठरवा. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी ती गोव्यात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी राबवून पाहिली.

३४/ ऑर्फर्ड यांचे म्हणणे साधे आहे. घरचे लोक सोसतात, झगडतात किंवा दूर होतात. यांतली कोणतीही एक रीत सदैव बरोबर वा चूक नसते. ते आजारी नाहीत, सदोष नाहीत. दीर्घकाळच्या असह्य ताणाखाली असलेली ती सामान्य माणसे आहेत. सुझन, कॅथरिन, विनिफ्रेड आणि पॉली या चौघींची अखेर सन्मानाने मुक्तता झाली, असे म्हणायला हरकत नाही.

३५/ आवाका केवढा? २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५ कोटी ७० लाख आहे. त्यात केवळ पिणारे मोजले आहेत. प्रत्येकामागे एक घर आहे : एक आई, एक बायको, झोपेचे सोंग घेतलेले एखादे मूल, आणि व्यसन स्त्रीला असेल, तर कोणापाशी बोलावे ते न कळणारा नवरा. त्यांची निद्रानाशाची, रक्तदाबाची, खिन्नतेची दुखणी सहसा वेगळ्याच खात्यावर लिहिली जातात.

३६/ एक सावधगिरी. मनाने अलिप्त होणे म्हणजे मार सोसत राहणे नव्हे. आजार हे हिंसेचे स्पष्टीकरण असू शकेल; ती तिची सबब होऊ शकत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा दारूच्या नशेतल्या मारहाणीलाही लागू आहे. आधी सुरक्षितता, नंतर उपचाराची चर्चा. तसेच, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम तोडू नये. झटके आणि भ्रम जिवावर बेतू शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

३७/ बिल १९७१ साली वारला. लोइस १९८८ पर्यंत, वयाच्या ९७ व्या वर्षापर्यंत जगली. तोवर ८७ पत्त्यांवर गेलेल्या पत्रांचे जगभर पसरलेले जाळे झाले होते. बुटाची ती गोष्ट ती सांगत राहिली. नवी आलेली एखादी बाई खाली मान घालून म्हणे की तो आता पीत नाही, तरी मला राग का येतो. तिला त्या गोष्टीत आपण दिसत असू.

३८/ हा धागा कोणा एकीच्या किंवा एकाच्या हाती पडला असेल, तर एवढेच : त्याने उपचार घ्यायला होकार देईपर्यंत आपण थांबायची गरज नाही. घरच्यांना स्वतःसाठी मदत मागता येते. व्यसनासंबंधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. हिंसेच्या वेळी महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या प्रसंगी ११२. फोन करताना आपले नाव सुधाकर असण्याची अट नाही. सिंधूलाही तो करता येतो.